शेरा

अर्ज एका ओळीचा आहे.
"वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे, मंजूर व्हावा."
खाली सही, हेमांगी देवरे, उपशिक्षिका,
आणि त्याखाली माझ्यासाठी सोडलेली
चार बोटं रिकामी जागा:
मुख्याध्यापकांचा शेरा.

मी प्रभारी. म्हणजे
किल्ल्या, तांदळाचा काटा
आणि चुका, एवढं माझ्या नावावर.
पेठच्या पुढे, डांबर संपतं तिथून आत,
दोन खोल्या, दोन मास्तर, त्रेचाळीस पोरं.
सोमवारपासून एक मास्तर.

लोक विचारतील, काय झालं बाईंना?
नोकरी सरकारी, म्हसरूळला फ्लॅट,
नवरा सातपूरला कंपनीत.
काही झालं नाही हो. तोच तर घोळ आहे.
काही झालं असतं तर मी ते लिहिलं असतं.

लिहू का, की खिचडीचा फोटो पाठवायला
मॅडम रोज टेकडीवरच्या सादड्याखाली जायच्या,
तिथेच काय ती दोन काड्या रेंज,
आणि तोवर खाली दुसरीचा वर्ग
सातच्या पाढ्यात अडकून बसायचा?
की ग्रुपवर रात्री अकराला पडायचं, "आजच, तात्काळ",
आणि त्या झोपेत अंगठा हलवायच्या?
हे त्यांच्या मिस्टरांनी मला सांगितलं.
हसत सांगितलं, मग हसायचे थांबले.

दिवाळीनंतर आमची पोरं आईबापामागे खाली जातात,
खेडगाव, पिंपळगाव, बागांवर.
पट टिकायला हवा म्हणून मॅडम रविवारी
स्कूटीवर बागा हिंडायच्या.
एकदा मीही मागे बसलो.
मांडवाखाली वाकूनच चालावं लागतं.
आमची चौथीतली जागृती डब्यावर उभी राहून
घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढत होती,
भराभर. वजाबाकीत कच्ची पोर.
"सगळेच ठेवले ना मॅडम, तर एकबी फुगत नाही."
ढकांब्यापर्यंत मॅडम काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, आपल्यातलं कोण काढणार, सर?
मला वाटलं बदलीचं विचारतायत.

खरं कारण त्यांनी सांगितलं ते असं.
बुधवारी एक पोरगा पाटी दाखवायला
टेबलापाशी येऊन उभा राहिला.
त्यांना त्याच्या आधारचे शेवटचे चार अंक आठवले,
वजन आठवलं, उंची,
बापाचं खातं कुठल्या बँकेत,
जन्मतारीख जुळत नाही हेसुद्धा.
नाव आठवेना.
"शोधलं हो. पटात नाही, त्याच्या तोंडावरच शोधत राहिले.
तो आपला वाट बघत उभा."

हे चार बोटांत कसं बसवू?
साहेब विचारतील, कोणत्या नियमान्वये.

शेवटी लिहिलं, "शिफारशीसह सादर."
"शिफारशीसह" खोडलं.
शिक्का मारला, शाई कमी पडली,
पुन्हा मारला. शाळेचं नाव
स्वतःच्याच अंगावर चढून बसलं.

टेकडीवर गेलो. मंजूर पदे दोन, कार्यरत एक.
बराच वेळ गोल फिरत राहिला, मग हिरवं झालं:
माहिती यशस्वीरीत्या जतन झाली.

उतरून आलो तर दोन्ही खोल्यांतली पोरं
कुणी न सांगता एका खोलीत येऊन बसलेली,
मांडीला मांडी लावून.
मी मॅडमचा हजेरीपट उघडला.
मागच्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीने,
रोहिदास लखमा भोये
रोहिदास लखमा भोये
रोहिदास लखमा भोये
पान भरेपर्यंत,
पहिलीतली पोरं गिरवतात तसं.

मी नाव घेतलं.
"आहे सर," मागून कुणीतरी म्हणालं,
"पाणी प्यायला गेलाय."

मी पेन उघडं ठेवून थांबलो.